मधाचे शोथहर गुणधर्म : परंपरा, सोलापूर येथील प्रयोग आणि मर्यादा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कर्जत हा पर्जन्यछायेच्या प्रदेशातील तालुका आहे. सीना आणि भीमा या दोन नद्यांच्या आधाराने वसलेली ही भूमी ज्वारी, तूर व करडईची, बाभूळ-बोरींची आणि रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यासारख्या माळरानांची आहे. सह्याद्रीच्या जंगलपट्ट्याप्रमाणे येथे मध मुबलक नाही. तरीही घरोघरी फडताळात मधाची एखादी लहान बाटली जपून ठेवलेली आढळते. खोकला झाला, तोंड आले, हातावर उकळते तेल उडाले, पाय मुरगळला किंवा सांधे धरले की तीच बाटली खाली उतरते. या सर्व उपचारांमागे एकच समजूत असते : मध सूज आणि आग उतरवतो.

ही समजूत कितपत खरी आहे, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. मधाचा शोथहर गुण खरा आहे. परंतु तो प्रामुख्याने मध जेथे प्रत्यक्ष टेकतो तेथे, म्हणजे जखमेवर, भाजलेल्या त्वचेवर, घशाच्या किंवा तोंडाच्या आतील अस्तरावर दिसून येतो. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत तो पोहोचतो असे मानण्यास पुरेसा आधार नाही. विशेष म्हणजे या भेदाची उकल करणारे संशोधन न्यूझीलंड किंवा जर्मनी येथे जितके झाले, तितकेच महत्त्वाचे सोलापूर येथेही झाले. कर्जतच्या कडेने वाहणारी सीना पुढे ज्या जिल्ह्यात उतरते, त्याच जिल्ह्याचे हे मुख्य शहर. आपल्याकडील अभ्यासकांमध्येही ही गोष्ट फारशी परिचित नाही.

शोथ : शब्द आणि प्रक्रिया

मराठीत 'दाह', 'शोथ', 'सूज' आणि 'जळजळ' हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात व त्यातून गोंधळ निर्माण होतो. आयुर्वेदात दाह म्हणजे आग होण्याची संवेदना, तर शोथ म्हणजे सूज. आधुनिक वैद्यकाला अभिप्रेत असलेली प्रक्रिया या दोहोंना कवेत घेते. रोमन ग्रंथकार सेल्सस याने तिची चार लक्षणे सांगितली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. अवयवाचे कार्य मंदावणे हे पाचवे लक्षण नंतर जोडले गेले.

ऊतीला इजा झाली किंवा तीत जीवाणू शिरले की तेथील पेशी हिस्टामिन, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी रसायने सोडतात. सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपतो आणि श्वेतपेशी त्या जागी गोळा होतात. या श्वेतपेशी मुक्त मूलके व प्रथिने विघटित करणारी विकरे सोडून जीवाणूंचा नाश करतात. म्हणजेच शोथ हा मुळात रोग नव्हे. तो शरीराचा बचाव आहे. प्रश्न उद्भवतो तो हा बचाव वेळेवर थांबला नाही तर. तीच मुक्त मूलके मग निरोगी ऊतींनाही इजा करू लागतात.

भाजलेल्या जखमेत हे विशेष स्पष्ट दिसते. जखमेच्या मध्यभागी मृत ऊतींचा भाग असतो आणि त्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेला, जगेल की मरेल हे अनिश्चित असलेला पट्टा असतो. शोथ व जंतुसंसर्ग वाढला तर हा पट्टा मरतो आणि वरवरची जखम खोल होते. भाजलेल्या जखमेवर काय लावले जाते याला इतके महत्त्व आहे ते याच कारणाने.

आयुर्वेदातील मध

चरकसंहितेत मधाचे माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पौत्तिक असे चार, तर सुश्रुतसंहितेत आठ प्रकार सांगितले आहेत. सुश्रुताने मधाला व्रणशोधन, रोपण व संधान करणारा म्हटले आहे. म्हणजे जखम स्वच्छ करणारा, भरून आणणारा व सांधणारा. तिळाचा कल्क, मध आणि तूप यांचा लेप जखमांसाठी सांगितलेला आहे. व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या अवस्था मानून प्रत्येक अवस्थेत वेगळा उपचार करण्याची सुश्रुताची दृष्टी आजच्या विद्यार्थ्यालाही आवर्जून दाखवावी अशी आहे. शोथ म्हणजे सरसकट दाबून टाकण्याची गोष्ट नव्हे, हे तीत गृहीत धरलेले आहे.

मध तापवू नये, हा आयुर्वेदातील निषेधही येथे लक्षात ठेवावा. त्याची ग्रंथोक्त कारणमीमांसा वेगळी आहे. परंतु औषधी मधाच्या बाबतीत रसायनशास्त्राचा सल्लाही तोच आहे. मात्र प्राचीन ग्रंथातील उल्लेख हा परिणामाचा पुरावा ठरत नाही. तो एक सुजाण अंदाज असतो आणि तो तपासावा लागतो. सोलापुरात नेमके तेच झाले.

सोलापूर येथील प्रयोग

सोलापूर येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या शल्यचिकित्सा विभागातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी' या नियतकालिकात एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वरवरच्या भाजण्याच्या १०४ रुग्णांपैकी ५२ जणांच्या जखमांवर प्रक्रिया न केलेला, पाणी न मिसळलेला मध आणि उरलेल्या ५२ जणांच्या जखमांवर त्या काळी सर्वमान्य असलेले सिल्व्हर सल्फाडायझीन वापरण्यात आले. मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. निरोगी कणांकुर ऊती मधाच्या गटात सरासरी ७.४ दिवसांत, तर दुसऱ्या गटात १३.४ दिवसांत दिसली. पंधरा दिवसांत बऱ्या झालेल्या जखमांचे प्रमाण अनुक्रमे ८७ व १० टक्के होते.

यानंतर जवळजवळ दशकभर त्यांनी मधाची एकेका उपचाराशी तुलना केली. १९९३ मध्ये पॉलियुरेथेनच्या पातळ पटलाशी तुलना करणाऱ्या ९२ रुग्णांच्या चाचणीत जखम भरण्याचा सरासरी काळ मधाच्या गटात १०.८ दिवस, तर पटलाच्या गटात १५.३ दिवस आढळला. १९९४ मध्ये गर्भवेष्टनाच्या पटलाशी आणि १९९६ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींशी तुलना झाली. बटाट्याची साल ऐकून वाचकाला हसू येईल. परंतु मुंबईतील शल्यवैद्यांनी स्वस्त व न चिकटणारी मलमपट्टी म्हणून तिचा गांभीर्याने अभ्यास केलेला होता. महागडे पटल ज्या रुग्णालयाला परवडत नाही, त्याच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न असतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निबंध १९९८ चा आहे. 'बर्न्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रत्येकी २५ रुग्णांच्या दोन गटांतील जखमांच्या ऊतींचे नमुने काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. सातव्या दिवशी मधाच्या गटातील ८० टक्के जखमांत ऊती दुरुस्त होत असल्याची चिन्हे होती आणि शोथ अत्यल्प होता. सिल्व्हर सल्फाडायझीनच्या गटात दुरुस्तीची चिन्हे ५२ टक्के जखमांत होती व त्यांत शोथाचे बदलही आढळले. जखम लवकर भरली, हे डोळ्यांनी दिसते. शोथ कमी झाला, हे मात्र ऊती पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही; आणि ते येथे पाहिले गेले. २००३ मधील एका निबंधात याच संशोधकांनी मुक्त मूलकांचे नियंत्रण हीच मधाची मुख्य क्रिया असावी, असे प्रतिपादन केले.

याच संशोधकाचा १९९९ चा निबंध मधाच्या विरोधात जातो. मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात मृत त्वचा लवकर कापून तेथे त्वचारोपण करणे हे मधाच्या मलमपट्टीपेक्षा श्रेष्ठ असल्याचे त्यात दाखवले आहे. आठ वर्षे ज्या द्रव्याचा पाठपुरावा केला, त्याची मर्यादा स्वतःच मोजून स्वतःच प्रसिद्ध करणे, ही गोष्ट आकडेवारीइतकीच मोलाची आहे. मधाची महती सांगणारे लेख १९९१ चा निबंध हमखास उद्धृत करतात. १९९९ चा क्वचितच.

२०१५ मध्ये कोक्रेन संस्थेने जखमांवरील मधाच्या २६ चाचण्यांचा, एकूण ३,०११ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्वचेच्या अंशतः जाडीपर्यंत पोहोचलेल्या भाजण्यात मधाने जखम नेहमीच्या मलमपट्ट्यांपेक्षा सरासरी साडेचार ते पाच दिवस आधी भरते, या निष्कर्षाला त्यात उच्च दर्जाच्या पुराव्याचा शेरा मिळाला. हा निष्कर्ष ९९२ रुग्णांच्या ज्या दोन चाचण्यांवर आधारलेला आहे, त्या दोन्ही सुब्रह्मण्यम यांच्याच आहेत. सिल्व्हर सल्फाडायझीनशी केलेल्या तुलनेचा पुरावा मात्र अतिशय कमी दर्जाचा ठरवला गेला. शिवाय सिल्व्हर सल्फाडायझीन स्वतःच जखम भरण्यास विलंब लावते, असेही पुढील आढाव्यांतून दिसून आले. म्हणजे १९९१ मधील प्रतिस्पर्धी वाटला तितका बलवान नव्हता. मधाचा रंग, वास व चिकटपणा लपवता येत नसल्याने कोणत्या रुग्णाला काय लावले, हे परीक्षकापासून गुप्त ठेवणेही कठीण असते. एका संशोधकाच्या कामावर एवढा भार असणे ही विज्ञानात फारशी सुखाची स्थिती नव्हे. इतर ठिकाणी ते प्रयोग तितक्याच मोठ्या प्रमाणावर पुन्हा झाले असते, तर आज अधिक खात्रीने बोलता आले असते.

मध नेमके काय करतो

मधात सुमारे ८० टक्के शर्करा आणि साधारण १७ ते २० टक्के पाणी असते. इतक्या संहत द्रावणाशी संपर्क येताच जखमेतील द्रव परासरणाने बाहेर ओढला जातो. त्यामुळे ऊतीतील सूज उतरते, पृष्ठभाग ओला राहतो आणि पट्टी चिकटत नाही. पट्टी बदलताना नवी कोवळी त्वचा सोलली न जाणे हा रुग्णाला प्रत्यक्ष जाणवणारा लाभ आहे. मधाचा सामू साधारण ३.२ ते ४.५ असतो, ही आम्लताही अनेक जीवाणूंना मानवत नाही.

येथे एक शंका रास्त आहे. काम परासरणाचेच असेल, तर साखरेचा दाट पाक का पुरेसा ठरू नये? जखमांवर साखरेचा वापर झालेलाही आहे. परंतु जखमेतील द्रवाने पाक पातळ झाला की त्याचा प्रभाव संपतो. मधाचे मात्र पातळ झाल्यावरच एक वेगळे काम सुरू होते. मधमाशी आपल्या ग्रंथींतून ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर मधात मिसळते. दाट मधात ते निष्क्रिय असते. पाणी मिळताच ते ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागते. डोल्ड या जर्मन संशोधकाने १९३७ मध्ये मधातील जीवाणुरोधक घटकाला 'इनहिबीन' असे नाव दिले होते; ते हायड्रोजन पेरॉक्साइडच असल्याचे अमेरिकेत व्हाइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवले. त्याचे प्रमाण औषधाच्या दुकानातील ३ टक्के द्रावणाच्या सुमारे एक हजारांश असते. जीवाणूंना ते पुरते आणि ऊतींना फारसे बाधत नाही. न्यूझीलंडमधील मानुका मधाची गोष्ट वेगळी आहे. त्याची शक्ती प्रामुख्याने मिथिलग्लायॉक्झॉल या संयुगात आहे. २०१० मध्ये ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी वैद्यकीय मधात मधमाशीचेच डिफेन्सिन-१ हे जीवाणुनाशक प्रथिनही शोधले.

जीवाणू मेले की शोथ आपोआप कमी होणारच. मग मधाला वेगळा शोथहर गुण आहे असे का म्हणावे? याचे उत्तर जंतुसंसर्ग नसलेल्या जखमांवरील प्राणिप्रयोगांतून मिळते. अशा जखमांतही मध लावल्यावर शोथपेशींची संख्या कमी आढळली. वायकाटो विद्यापीठातील पीटर मोलन यांनी आपल्या आढाव्यांत या मुद्द्यावर सातत्याने भर दिला. मधातील क्वेर्सेटिन, क्रायसिन, गॅलँगिन यांसारखी फ्लेव्होनॉइडे व कॅफेइक आम्लासारखी फिनॉलिक आम्ले मुक्त मूलके शोषून घेतात, तसेच शोथाची जनुके जागी करणाऱ्या पेशीतील संदेशवहनास आवर घालतात, असे प्रयोगशाळेत दिसते.

चित्र मात्र इतके सरळ नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधाच्या संपर्कात आलेल्या एककेंद्रकी श्वेतपेशींनी शोथ वाढवणारी रसायने अधिक प्रमाणात सोडली. म्हणजे मध शोथ कमी करतो की वाढवतो? आजची समजूत अशी की तो दोन्ही करू शकतो. थंडावलेल्या, रेंगाळलेल्या जखमेत तो दुरुस्तीला चालना देतो व भडकलेल्या जखमेत आवर घालतो. सुश्रुताच्या अवस्थाभेदाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु साम्य दिसले म्हणून दोन्ही एकच म्हणण्याचा मोह टाळावा.

पोटात घेतलेला मध

पोटात गेलेल्या मधातील शर्करा पचून रक्तात जाते आणि विकराचेही इतर प्रथिनांप्रमाणे पचन होते. फ्लेव्होनॉइडांचा काही अंश शोषला जातो. पण चमचाभर मधात त्यांचे प्रमाण मुळातच अल्प असते. प्रयोगशाळेत पेशींवर ओतलेल्या द्रावणातील संहती सांध्यापर्यंत पोहोचेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. संधिवातावर मध-दालचिनी यांसारखे उपाय सांगणारी पत्रके बाजारात हातोहात फिरतात. त्यांच्यापायी संधिवाताचा रुग्ण योग्य उपचाराची सुरुवातीची वर्षे गमावतो आणि तेवढ्यात सांधा कायमचा वाकडा होतो, ही यातील गंभीर बाब आहे.

घसा आणि तोंड यांची गोष्ट निराळी, कारण तेथे मध गिळण्यापूर्वी टेकतो. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०२० मध्ये १४ अभ्यासांचा आढावा घेऊन वरच्या श्वसनमार्गाच्या संसर्गात, विशेषतः खोकल्यात, मध नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस असल्याचे म्हटले. किरणोपचारामुळे तोंडाच्या अस्तराला येणाऱ्या शोथावर मलेशियात २००३ मध्ये ४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत मधाचा लाभ दिसला. परंतु २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मानुका मध आणि साखरेचा साधा पाक यांत फरक आढळला नाही. या विषयावर शेवटचा शब्द अजून बोलला गेलेला नाही.

बाटलीतील मध

आतापर्यंतचे सारे विवेचन खऱ्या मधाबद्दल आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने १३ नाममुद्रांचे मध जर्मनीतील प्रयोगशाळेत एनएमआर पद्धतीने तपासून घेतले. त्यांपैकी केवळ तीन सर्व कसोट्यांवर उतरले. काही उत्पादकांनी हे निष्कर्ष नाकारले. भेसळीसाठी वापरला जाणारा शर्करापाक नेहमीच्या चाचण्यांना चकवा देईल असाच बनवलेला असतो. असा पाक गोड असतो, परासरणही करतो; पण त्यात मधमाशीचे विकर नसते.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषांनुसार मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे आणि हायड्रॉक्सिमिथिलफुरफुराल किलोमागे ८० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. मध तापवला किंवा फार काळ साठवला की हा दुसरा घटक वाढतो. सुक्रोजची मर्यादा सर्वसाधारण मधासाठी ५ टक्के असली, तरी कारवीच्या मधासाठी ती १० टक्के ठेवलेली आहे. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या झुडपाला देशाच्या मानकात स्वतंत्र स्थान मिळाले, ही नोंद वनस्पतिशास्त्राच्या वर्गात सांगण्यासारखी आहे. मध पाण्यात टाकून तळाशी बसतो का पाहणे, वात भिजवून पेटवणे, मुंग्या लागतात का पाहणे या घरगुती परीक्षांवर मात्र विसंबता येत नाही. दाट पाकही तळाशी बसतो.

कर्जतसारख्या कोरड्या भागात मिळणारा स्थानिक मध बहुधा आग्या किंवा फुलोरी माशीचा असतो. पोळे धुराने मोकळे करून, हाताने पिळून तो काढला जातो. अशा मधात अळ्यांचा रस, परागकण व मेणाचे कण मिसळतात, पाण्याचे प्रमाण जास्त राहते आणि मध आंबतो. तो टिकावा म्हणून चुलीवर आटवला की ग्लुकोज ऑक्सिडेज नष्ट होते. शुद्ध असूनही औषध म्हणून निकामी झालेला मध असा तयार होतो. सातेरी किंवा मेलिफेरा माशांच्या पेट्यांतून मधयंत्राने काढलेला मध या दृष्टीने उजवा. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या विषयात कार्यरत आहे, आणि महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. सूर्यफूल, डाळिंब, लिंबू यांच्या बहरात पेट्या ठेवणे कोरडवाहू भागातही शक्य असते. तेथे परागीभवनाचा लाभ मधाहून मोठा ठरू शकतो.

जखमेसाठी वापरावयाचा मध मात्र स्वयंपाकघरातला नसावा. वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. २५ किलोग्रे मात्रेनंतरही मधाची जीवाणुरोधक क्रिया टिकून राहते, असे मोलन व ॲलन यांनी १९९६ मध्ये दाखवले. उष्णतेने हे साधत नाही.

काही सावधगिरी

भाजल्याबरोबर पहिला उपाय वाहत्या गार पाण्याचा, सुमारे वीस मिनिटे, मधाचा नव्हे. खोल, मोठ्या किंवा चेहरा, हात व सांध्यांवरील भाजण्यात रुग्णालय गाठणे आवश्यक असते. मधुमेहींच्या पायावरील व्रणांत मधाचा उपयोग होतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा २०१५ च्या आढाव्यात मिळाला नाही, आणि शिरांच्या विकारातून होणाऱ्या पायाच्या व्रणांत मधाने विशेष लाभ दिसला नाही. पोटात घेतलेला मध मधुमेहीच्या हिशेबी साखरच असतो.

नवजात बाळाच्या जिभेवर मधाचे बोट लावण्याची आणि गुटी मधात उगाळण्याची प्रथा आपल्याकडे अनेक घरांत आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यातील जीवाणू त्यांना रुजू देत नाहीत. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि स्नायू लुळे पाडणारे विष तयार करतात. मध गाळून किंवा घरी गरम करून हे बीजाणू नष्ट होत नाहीत. म्हणून एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध, तो कितीही शुद्ध असला तरी, देऊ नये.